सुईने मांसात भरायचं मुरवण: मीठ किती, गाळायचं कसं, टोचायचं कुठे

चुलखंड

आखाड लागला की अख्ख्या कोंबडीबद्दल तेच प्रश्न फिरून येतात. छाती कोरडी का पडते, मसाला आत का जात नाही, आणि सुईने टोचून खरंच फरक पडतो का. तिसऱ्याचं उत्तर नीट दिलं की पहिल्या दोघांचं त्यातच मिळतं, म्हणून वेगळा धागा काढतोय.

दही-मसाला रात्रभर लावून ठेवला तरी त्याची चव वरच्या थरातच राहते. खोलवर जातं ते मुख्यतः मीठ, आणि तेही सावकाश. सुई मीठ थेट मध्यभागी नेऊन सोडते. मिठामुळे स्नायूंमधली प्रथिनं अंशतः विरघळतात, फुगतात आणि भाजताना पाणी धरून ठेवतात. छाती ओली राहते ती यामुळे. नुसतं पाणी टोचलंत तर ते भट्टीत निथळून जाईल. अमेरिकेत, विशेषतः लुइझियानात, टर्की तळण्याआधी असंच मसाल्याचं पाणी आणि लोणी टोचतात. तत्त्व तेच, आपला पक्षी लहान आणि बहुधा कातडीशिवाय, एवढाच फरक.

साफ केलेल्या १.२ किलोच्या एका कोंबडीला १०० मिली द्रव आणि १० ग्रॅम मीठ लागतं. द्रव मांसाच्या वजनाच्या ८ ते १० टक्के धरायचा. १२ च्या वर गेलात की जास्तीचं सगळं ताटलीत येतं. बाहेरच्या मसाल्यात आणखी ४-५ ग्रॅमच मीठ घाला, नेहमीच्या हाताने घातलंत तर खारट होणार. मीठ चमच्याने मोजू नका, काट्यावर मोजा.

द्रवाची कृती: १७० मिली पाण्यात ठेचलेल्या लसणाच्या ५ पाकळ्या, किसलेलं आलं १० ग्रॅम, भरड कुटलेले मिरे ६-७, लवंगा २, एक तमालपत्र, चिरलेल्या २ हिरव्या मिरच्या आणि कोथिंबिरीच्या ४-५ काड्या घाला. झाकण न लावता मंद आचेवर ८-१० मिनिटं उकळा. गॅस बंद करून झाकून १५ मिनिटं ठेवा. आधी स्टीलच्या गाळणीतून, मग ओल्या करून पिळलेल्या मलमलच्या दुहेरी फडक्यातून गाळा. कोरडं फडकं बराच रस स्वतःच पितं. मोजा, १०० मिलीला कमी पडलं तर उकळून गार केलेलं पाणी घाला. त्यात १० ग्रॅम मीठ आणि ३ ग्रॅम साखर विरघळवा, मग फ्रीजमध्ये पूर्ण थंड करा. कोमट द्रव थंड मांसात घालायचा नाही.

हळद, लाल तिखट, गरम मसाल्याची पूड यातलं काही आत जात नाही. ते सगळं बाहेर.

तंगडीतोड

उत्तम धागा. टोचायच्या जागांबद्दल भर घालतो, बहुतेक घोळ तिथेच होतो.

छातीच्या प्रत्येक बाजूला ४ जागा, प्रत्येकी ५ मिली. मांडीला प्रत्येकी ३ जागा, तेवढेच. खालच्या तंगडीला २ जागा, प्रत्येकी ४ मिली. इथपर्यंत ८६ मिली होतात. उरलेलं पंखाच्या मुळाशी खांद्यात. दोन जागांमध्ये साधारण इंचभर अंतर.

एका जागी म्हणजे एक भोक. सुई पूर्ण आत घाला, दट्ट्या हळू दाबत दाबत सुई मागे घ्या. पूर्ण बाहेर न काढता तिरकी करून त्याच भोकातून दुसऱ्या दिशेने पुन्हा आत. असं तीन दिशांना पंख्यासारखं. सुई एकाच ठिकाणी धरून ५ मिली दाबलेत तर आत पाण्याचा फुगा होतो, तो भाजताना फुटतो आणि तिथलं मांस उकडल्यासारखं लागतं.

दुकानदाराला आधीच सांगा, "अख्खी ठेवा, चिरे मारू नका." तंदुरीसाठी म्हटलं की सवयीने छातीला आणि तंगडीला खोल चिरे पडतात, आणि मग टोचलेलं सगळं त्या चिऱ्यांतून गळतं. चिरे हवेच असतील तर टोचून तास-दोन तास झाल्यावर, उथळ. कातडी ठेवून हवी असेल तर तेही आधी सांगावं लागतं, कारण बहुतेक दुकानांत कातडी सरसकट ओढून काढतात. कातडी असेल तर तिच्यातून न टोचता मानेच्या किंवा पोटाच्या बाजूने आत शिरा, म्हणजे ती फाटत नाही.

नवशिका_बल्लव

सुई कुठली घ्यायची? मेडिकलमधली सिरिंज चालेल का?

वजनकाटा

चालेल, पण कुठलीही नाही. सुईच्या नंबराचं गणित उलटं असतं: आकडा लहान तितकी सुई जाड. १८ नंबरच्या सुईचं आतलं छिद्र मिलिमीटरपेक्षाही कमी असतं, सुमारे ०.८४. १६ ला जवळजवळ १.२, १४ ला १.६ मिलिमीटर. मलमलमधून गाळलेल्या रसाला १६ योग्य, १८ जेमतेम. त्याहून बारीक सुई इथे निरुपयोगी.

सिरिंज ५० मिलीची, आणि सुई पिळून बसते ती, लुअर लॉकवाली. नुसती दाबून बसवायची सुई जोर लागला की सटकते आणि हिरव्या मिरचीचं पाणी थेट डोळ्यांत जातं. चष्मा असेल तर लावा. सिरिंज नवी, सीलबंद. औषधासाठी वापरलेली, कितीही धुतलेली असो, नाही.

मेडिकलची सुई दीड इंचाची. कोंबडीला पुरते, मटणाच्या मांडीला तोकडी पडते. शिवाय तिचं तोंड टोकाला, त्यामुळे रस एकाच दिशेला जातो. स्वयंपाकाची स्टीलची इंजेक्टर सिरिंज ऑनलाइन मिळते, तिच्यात बहुधा एक टोकाला उघडी आणि दोन बाजूला भोकं असलेल्या सुया येतात. बाजूच्या भोकांची सुई रस चारही बाजूंना पसरवते. वर्षातून दोनदाच करणार असाल तर मेडिकलची पुरे, नाहीतर स्टीलची घ्या.

टोचताना हाड लागलं तर जोर करू नका. बारीक सुई वाकते, क्वचित मोडते. संपल्यावर सुया मोजून घ्या.

आळणीरस्सा

सगळं बरोबर, पण नुसत्या पाण्याचा काढा कशाला? मटणाचं आळणी, म्हणजे मटण शिजवून निघालेलं पातळ पाणी, असताना? आळणी पाणी गाळून, मीठ मोजून तेच टोचा. मांसात मांसाचीच चव जाते. कोंबडीसाठी मान, पाठ आणि पंखांची टोकं तासभर उकळून काढलेलं.

चुलखंड

+१, चवीला आळणीच वरचढ. दोन अटी. आळणीत आधीच मीठ घातलेलं असेल तर हिशेब बिघडतो, म्हणून पूर्ण बिनमिठाचं हवं. आणि वरची चरबी फ्रीजमध्ये गोठवून चमच्याने काढायला हवी, नाहीतर ती सुईत अडकते.

नवशिका_बल्लव

आळणी फ्रीजमधून काढलं तर खिरीसारखं घट्ट झालंय. सिरिंजमध्ये ओढलंच जात नाही.

आळणीरस्सा

पाय किंवा नळ्या घातल्यात का? हाडांतलं आणि सांध्यांतलं जिलेटिन पाण्यात उतरतं, थंड झालं की जेली धरतं. पायाचं सूप म्हणून ते झकास, टोचायला वाईट. त्यात दीडपट पाणी घाला, गरम करून पुन्हा गाळा. मग फ्रीजमध्ये ठेवून बघा, चमचा उलटा केला की धार पडली पाहिजे. पुढच्या वेळी या कामाच्या आळणीत पाय नकोत.

पेठकर_पळी

दह्याचं काय? चक्का बांधल्यावर खाली निघणारं पाणी पातळ असतं, गाळलेलं असतं, आयतं. ते का नाही टोचायचं?

वजनकाटा

कारण ते आंबट आहे. मांसाचा सामू (आंबटपणाचा आकडा, जितका कमी तितकं आंबट) साधारण ५.६ ते ६ च्या दरम्यान असतो. तो ५ ते ५.२ च्या आसपास आला की प्रथिनांची पाणी धरायची ताकद सगळ्यात कमी होते. चक्क्याचं पाणी ४.५ च्या आसपासचं. १०० मिली टोचलंत तर मांस नेमकं त्या वाईट टप्प्याकडे ढकलता. ओलं राहावं म्हणून टोचायचं आणि कोरडं करायचं, असा प्रकार. लिंबू आणि व्हिनेगरचंही तेच, शिवाय आंबटाच्या रेषेवर मांस पांढरट आणि भुसभुशीत होतं. दही बाहेर लावा, तिथे ते हवंच.

पेठकर_पळी

पटलं. मग मऊपणासाठी पपई? कच्च्या पपईचा रस गाळून?

सुरीधार

अजिबात नको. पपईतलं पपेन, म्हणजे मांस मऊ करणारा पाचक घटक, फ्रीजमध्ये सुस्त असतं, पण मांस तापत ६०-७० अंशांकडे जातं तेव्हा ते सगळ्यात जोरात काम करतं. बाहेर लावलंत तर वरचा थर मऊ होतो. आत टोचलंत तर मध्यभागी लगदा. ताज्या अननसाचंही तसंच.

आल्यातही असाच पाचक घटक असतो, हे बरेच जण विसरतात. कच्च्या आल्याचा रस पिळून टोचला आणि रात्रभर ठेवला की छाती पिठूळ लागते. वरच्या कृतीत आलं ८-१० मिनिटं उकळलंय ते यासाठीच. उकळलं की तो घटक मरतो, वास राहतो. म्हणून मिक्सरमधली आलं-लसूण पेस्ट पाण्यात कालवून गाळणं हा शॉर्टकट नाही, ती वेगळी आणि वाईट कृती आहे.

कोळसा_कमी

दुकानी चिकनमध्ये फॉस्फेट घालतात, पाणी जबरदस्त धरतं. घरी का नाही?

वजनकाटा

घालता येतं. सोडियम ट्रायपॉलीफॉस्फेट, खाद्य दर्जाचं, मांसाच्या वजनाच्या ०.३ टक्के, म्हणजे किलोला ३ ग्रॅम. पाव ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा नसेल तर वाटेला जाऊ नका. आधी साध्या पाण्यात फॉस्फेट पूर्ण विरघळवायचं आणि मगच मीठ. खाऱ्या पाण्यात ते नीट विरघळत नाही, तळाशी बसतं आणि सुई बुजवते. प्रमाण वाढलं की मांस रबरी होतं आणि साबणासारखी चव येते.

चुलखंड

माझं मत विरोधात. घरी दोन कोंबड्यांसाठी मीठ आणि नेमकं तापमान पुरेसं आहे. फॉस्फेट म्हणजे जास्त भाजलं तरी निभावून नेण्याची सोय. थर्मामीटर घ्या, त्याच पैशात येईल.

कोळसा_कमी

खाण्याचा सोडा मग? फॉस्फेटसारखा तोही सामू वर नेतोच ना.

सुरीधार

नेतो. पण सोडा बाहेरून लावला तर नंतर धुता येतो, टोचलेला परत काढता येत नाही. चव राहते. आणि वर दह्याचा मसाला लागणार, म्हणजे आंबट आणि सोडा एकमेकांना मारणार. सोडा टोचू नका.

नवशिका_बल्लव

एक इंग्रजी पाकृ आहे त्यात अर्धा कप मीठ आणि चिमूटभर गुलाबी मीठ आहे. सैंधव घालू?

सुरीधार

थांबा! इथे दोन सापळे आहेत.

पहिला गुलाबी मिठाचा. त्या पाकृतलं गुलाबी मीठ बहुधा हॅमसाठीचं क्युरिंग सॉल्ट असतं. सैंधवशी त्याचा काही संबंध नाही. साध्या मिठात ६.२५ टक्के सोडियम नायट्राइट मिसळून, ओळखू यावं म्हणून रंगवलेलं असतं. नायट्राइट प्रमाणाबाहेर गेलं तर जीवावर बेतू शकतं. आपल्याला भाजायची कोंबडी करायची आहे, त्यात त्याचं कामच नाही. सैंधव चालतं, पण खडे न विरघळता उरतात, म्हणून पुन्हा गाळा.

दुसरा कपाचा. तिकडचं जाड कणांचं कोशर मीठ हलकं असतं, काही प्रकारांचा कप १४० ग्रॅमसुद्धा भरत नाही. आपल्या बारीक मिठाचा कप त्याच्या जवळजवळ दुप्पट. कपाला कप लावलात तर कोंबडी समुद्रातून काढल्यासारखी. सोया सॉसही मिठाच्या हिशेबात धरा, एका मोठ्या चमच्यात सव्वादोन ग्रॅमच्या आसपास मीठ असतं. आणि सोया टोचला की कापल्यावर आत तपकिरी पट्टे दिसतात, हळदीचे पिवळे. पाहुण्यांना ते शिजलेलं नाही असं वाटतं. रस शक्यतो फिका ठेवा.

तंगडीतोड

लोण्याचं कोणी विचारलं नाही अजून, म्हणून लिहितो. लोणी टोचायचं तर द्रव अवस्थेत, म्हणजे ४० अंशांच्या आसपास कोमट हवं. फ्रीजमधल्या मांसात गेल्या गेल्या ते गोठतं, कधी सुईतच. म्हणून हे मुरवायला ठेवायचं काम नाही. मिठाचं पाणी आदल्या दिवशी टोचा, आणि भट्टीत घालायच्या ५ मिनिटं आधी फक्त छातीला ३० मिली वितळवलेलं लोणी किंवा तूप. सिरिंज आधी गरम पाण्यात बुडवून ठेवा. पिवळं लोणी खारं असतं, बाहेरच्या मिठातून तेवढं वजा करा. दुधाचा कणीदार गाळ खाली राहू द्या, वरचंच ओढा.

तिखटपणा पाण्यात फारसा उतरत नाही, तेला-तुपात उतरतो. तिखट आत हवं असेल तर याच तुपात तिखट सुकी मिरची मंद तापवून गाळून घ्या. तेवढ्यापुरतं लोण्याचं टोचणं मला पटतं, बाकी चैन.

पेठकर_पळी

मटणाची अख्खी मांडी करायची आहे, १.८ किलो. प्रमाण?

चुलखंड

द्रव १२० मिली, मीठ १३ ग्रॅम, बाहेरच्या मसाल्यात ५ ग्रॅम. हाडाचं वजन बरंच असतं म्हणून टक्का कमी धरलाय. वरचा पांढरा चिवट पापुद्रा सुरीने सोलून काढा, त्यातून सुई जात नाही आणि भाजताना तो आवळतो. सुई हाडाला समांतर घाला, जाड भागात इंचाइंचावर, दोन्ही बाजूंनी.

पण अपेक्षा नीट ठेवा. टोचण्याने मांडी मऊ होत नाही, रसाळ आणि सगळीकडे सारखी खारट होते. बोकडाचं मांस चिवट असतं ते कोलॅजेनमुळे, म्हणजे स्नायूंना बांधून ठेवणाऱ्या चिवट प्रथिनामुळे, आणि ते विरघळायला वेळ आणि उष्णताच लागते. १६० अंशांवर घट्ट झाकून अडीच ते तीन तास, आतलं तापमान ९० च्या वर, मग झाकण काढून रंग.

रविवारी सकाळी पुण्याच्या शिवाजी मार्केटातून आणलेली मांडी त्याच दुपारी करू नका. ताज्या कापलेल्या जनावराचे स्नायू ताठरतात, तो ताठा उतरायला बोकडाला साधारण दिवसभर लागतो. शनिवारी आणा, फ्रीजमध्ये ठेवा, रात्री टोचा, रविवारी भट्टीत.

कोळसा_कमी

रश्श्याच्या तुकड्यांना टोचून उपयोग आहे का? कुकरमध्ये करतो.

चुलखंड

नाही. दीड-दोन इंचांच्या तुकड्याला मीठ-हळद चोळून तासभर ठेवलं की पुरतं. टोचलेलं कुकरमध्ये रश्श्यातच येणार. ही पद्धत अख्ख्या पक्ष्याला, मांडीला, मोठ्या बिनहाडाच्या ठोकळ्याला.

सुरीधार

सुरक्षिततेचं राहिलं. अख्ख्या मांसावरचे जंतू मुख्यतः पृष्ठभागावर असतात, सुई ते आत ढकलते. म्हणून टोचलेलं मांस मध्यभागी कच्चट ठेवायचं नाही, मटणसुद्धा. कोंबडीला सगळ्यात जाड भागात ७४ अंश हवेतच. मांडीचा भाग ८० च्या पुढे गेला तर उलट चांगला लागतो.

रस लागेल तेवढा वेगळ्या पेल्यात काढून घ्या आणि सुई त्यातच बुडवा. मांसात जाऊन आलेली सुई मूळ भांड्यात गेली की सगळा रस बाद. पेल्यात उरलेला फेकून द्या, रश्श्यात ओतू नका. टोचलेलं मांस फ्रीजच्या खालच्या कप्प्यात, खोल थाळीत, कमीत कमी ४ तास, रात्रभर उत्तम, २४ तासांपलीकडे नाही. पुण्याच्या एप्रिल-मे महिन्यात ओट्यावर तासाभराहून जास्त काही ठेवू नका. आखाडात हवा गार वाटते म्हणून तेव्हाही सैल सोडू नका.

थर्मामीटर तपासताना उकळत्या पाण्यात १०० ची वाट बघू नका. पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर आहे, इथे पाणी ९८ च्या आसपासच उकळतं. चांगला थर्मामीटर उगाच परत पाठवाल. भरपूर बर्फ आणि थोडं पाणी एकत्र करून त्यात ० दाखवतो का ते बघा.

नवशिका_बल्लव

रात्रभर ठेवल्यावर थाळीत बरंच पाणी आलंय. वाया गेलं का सगळं?

तंगडीतोड

२-३ चमचे आलं असेल तर ठीक, तेवढं येतंच. अर्धी वाटी असेल तर तीनपैकी एक कारण: दट्ट्या जोरात दाबलात, भोकं फार जवळ पाडलीत, किंवा मांस अर्धवट गोठलेलं होतं. गोठलेल्या मांसात रस शिरत नाही, बर्फाच्या फटींतून वाहून जातो. पॅकबंद चिकन असेल तर पाकीट वाचा, मीठ-पाणी आधीच घातलेलं असू शकतं. त्याला पुन्हा टोचू नका.

थाळीतलं पाणी फेका, कोंबडी कागदाने कोरडी करा आणि मगच दही-मसाला लावा. ओल्या अंगावर मसाला बसत नाही, भट्टीत घसरून ट्रेमध्ये जळतो. लावण्याआधी तासभर उघडी फ्रीजमध्ये ठेवता आली तर आणखी चांगलं. नंतर २०० अंशांवर ५० ते ६० मिनिटं, पण घड्याळापेक्षा थर्मामीटरवर विश्वास. छातीत ७४ दिसले की बाहेर. काढून १० मिनिटं तशीच राहू द्या, लगेच कापलीत तर एवढा खटाटोप करून भरलेला रस पोळपाटावर.

पेठकर_पळी

सुई मध्येच बुजली तर?

वजनकाटा

मांसातून बाहेर काढा, आत असताना जोर लावू नका. सुई सोडवून बारीक तार घाला, मागून गरम पाणी मारा. पुन्हा पुन्हा बुजत असेल तर दोष फडक्याचा आहे, रस परत गाळा. ओढून घेतल्यावर टोक वर करून हवाही काढा, नाहीतर फुसफुस होते आणि माप चुकतं.

स्टीलची सिरिंज काम झाल्या झाल्या पूर्ण सुटी करून गरम पाणी आणि साबणाने धुवा, सुईतून पाणी मारा, वाळवा. दट्ट्याच्या रबरी कडीला खायच्या तेलाचं बोट. प्लॅस्टिकची सिरिंज एकदा वापरून टाकायची.

कोळसा_कमी

आणि मेडिकलच्या सुया? कोरड्या कचऱ्यात?

वजनकाटा

सुट्या नाही, कचरा वेचणाऱ्यांच्या हातात घुसतात. टोपण लावायच्या नादात स्वतःलाही टोचून घेऊ नका. जाड प्लॅस्टिकच्या रिकाम्या बाटलीत टाका, झाकण घट्ट लावून चिकटपट्टी मारा, वर मोठ्या अक्षरात "सुया" लिहा आणि गाडीवर देताना तोंडी सांगून वेगळी द्या.